कागद समजल्याशिवाय सही नको : कोकणातील ज्येष्ठांनी ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेतील काम कसे करून घ्यावे

माझ्या आत्याला काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून पत्र आले. त्याच्या शेवटी लिहिले होते, ‘सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ आत्या चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश का होईना पण वाचणारी. तिने ‘निकाल’ हा शब्द ओळखला, अर्जाचा निकाल लागला म्हणजे काम झाले अशी तिची समजूत झाली, आणि ते पत्र तिने देवघरातल्या फळीवर जपून ठेवले. गणपतीला मुंबईहून आलेल्या तिच्या मुलाने ते वाचले, तेव्हा अर्ज नामंजूर झाल्याचे कळले. तोवर अपिलाची मुदत उलटून गेली होती. पत्र मराठीत होते, त्यावर तारीख, जावक क्रमांक आणि सही होती, म्हणजे कागदावर कसलीही उणीव नव्हती. तरीही त्यात लिहिलेली गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

ज्येष्ठांना कार्यालयात मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलताना आपण खुर्ची, पाणी आणि रांग यांच्यापाशी थांबतो. त्या गोष्टी हव्यातच. पण आपल्यासंबंधी काय लिहिले गेले आहे ते समजणे आणि आपण सांगितलेले समोरच्याला समजणे, हे मला त्याहून मोलाचे वाटते. म्हणून पुढची बरीचशी माहिती भाषेभोवती फिरते. ती स्वतः ज्येष्ठांसाठी आहे, आणि तितकीच त्यांच्या सोबत जाणाऱ्या सुना, नातवंडे आणि शेजारी यांच्यासाठी आहे, कारण कोकणातल्या अनेक वाड्यांमध्ये घरात आजी-आजोबाच उरले आहेत आणि कर्ती मुले मुंबई, ठाणे किंवा पुण्यात आहेत.

आधी दार ओळखावे

बरेचसे हेलपाटे चुकीच्या दारात गेल्यामुळे पडतात. घरपट्टी, पाणीपट्टी, घराच्या आकारणीचा नमुना ८ चा उतारा, जन्म-मृत्यूची आणि विवाहाची नोंद, येणे बाकी नसल्याचा दाखला, निराधार असल्याचा दाखला ही कामे खेड्यात ग्रामपंचायतीची आहेत. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी यांसारख्या गावी घरपट्टी, नोंदी आणि दाखल्यांची कामे नगरपरिषदेकडे, तर दापोली, गुहागर, लांजा, कुडाळ, कणकवली अशा ठिकाणी नगरपंचायतीकडे असतात. सातबारा, फेरफार आणि जमिनीची वारस नोंद मात्र महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे असते, आणि श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात मंजूर होतो. जमिनीला वारस लागले म्हणजे घरालाही आपोआप लागले, असा समज कोकणात सर्रास आढळतो. तो खरा नाही. सातबारा आणि नमुना ८ या दोन वेगळ्या कार्यालयांतल्या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अलीकडे पदांची नावेही बदलली आहेत. ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो ते आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. ही दोन नवी नावे ऐकायला इतकी सारखी आहेत की ऐंशीच्या घरातल्या माणसाचा गोंधळ होणे साहजिकच आहे. पाटीवरचे नाव वाचून भांबावून जाऊ नये. ‘घरपट्टीचे काम कोण बघतो?’ असे साध्या शब्दांत विचारावे.

कचेरीच्या मराठीतले फसवे शब्द

कार्यालयीन मराठीत काही शब्द रोजच्या बोलण्यातलेच असतात, पण तिथे त्यांचा अर्थ निराळा असतो. अनोळखी शब्द दिसला की माणूस कोणाला तरी विचारतो, ओळखीचा शब्द मात्र तो विचारत नाही, म्हणून हे शब्द अधिक घात करतात.

‘निकाली काढणे’ म्हणजे प्रकरण बंद करणे. ते मंजूर होऊन बंद झालेले असेल किंवा नामंजूर होऊनही, त्यामुळे पत्रात ‘मंजूर’ हा शब्द कुठे आहे का, ते शोधावे. ‘दप्तरी दाखल’ याचा अर्थ अर्ज दाखल करून घेतला असा वाटतो, पण प्रत्यक्षात तो कागद बासनात गेला, त्यावर आता काही होणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. ‘त्रुटी’ म्हणजे अर्जातली उणीव, आणि ‘त्रुटीची पूर्तता करावी’ असे लिहिले असेल तर अर्ज फेटाळलेला नसून एखादा कागद कमी आहे, तेव्हा निराश होऊन घरी बसू नये. ‘अनुज्ञेय नाही’ म्हणजे नियमाप्रमाणे तुम्हाला ते मिळू शकत नाही, आणि असे लिहिले असेल तर कोणत्या नियमाप्रमाणे, हे विचारलेच पाहिजे. ‘विहित मुदतीत’ म्हणजे ठरवून दिलेल्या दिवसांत, पण किती दिवसांत ते पत्रात नसेल तर तो आकडा विचारून त्याच कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावा. ‘हरकत’ आणि ‘ना हरकत’ या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, आणि भावकीच्या सामाईक घराच्या कागदावर डोळे अधू असलेल्या माणसाने त्यातल्या कोणत्या शब्दाखाली सही केली, यावरून पुढची अनेक वर्षे कोर्टात जाऊ शकतात. ‘जा. क्र.’ म्हणजे जावक क्रमांक. पुढच्या प्रत्येक पत्रात तो लिहावा, म्हणजे फाईल सापडत नाही असे कोणाला सांगता येणार नाही.

हे शब्द मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून घरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत. आमच्या वाडीत तीन घरांत असा कागद आहे आणि तो उपयोगी पडला आहे.

भाषेचा हक्क कुठून येतो

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने मराठी ही राज्याची राजभाषा ठरवली. स्थानिक संस्थांसाठी वेगळा आणि स्पष्ट कायदा मात्र २०२२ मध्ये झाला. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम या नावाच्या त्या कायद्याने, ठरावीक अपवाद सोडून, स्थानिक संस्थांचे कामकाज आणि जनतेशी होणारा व्यवहार मराठीत करणे बंधनकारक केले आहे. म्हणून घरपट्टीचे बिल, पाणी तोडण्याची नोटीस किंवा बांधकामाबाबतचे पत्र केवळ इंग्रजीत आले, तर ‘मला हे मराठीत द्यावे’ अशी लेखी मागणी निःसंकोचपणे करावी. त्यात कोणाची मेहेरबानी मागितल्यासारखे होत नाही.

कोकणाचा प्रश्न मात्र मराठी विरुद्ध इंग्रजी एवढ्यावर संपत नाही. सिंधुदुर्गातली मालवणी बोलणारी आजी, संगमेश्वरी बोलणारे आजोबा, रायगडच्या डोंगरातले कातकरी म्हातारे, बंदरावरचे कोळी बांधव, आणि ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले असे कोकणी मुसलमान ज्येष्ठ, या सर्वांना ‘उपरोक्त विषयान्वये’ ही मराठी सारखीच परकी वाटते. ‘माका कायएक समाजला नाय’ असे आजीने म्हटले की काउंटरवरच्या मुलाने तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात पुन्हा म्हणायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे. तिला ऐकू व्यवस्थित येत होते. त्याने तेवढेच सोप्या शब्दांत सांगायला हवे होते.

मराठी सक्तीची आहे म्हणून दुसऱ्या भाषेत एक ओळही लिहायची नाही, असा काहींचा ग्रह आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या जोडीला उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की मराठीबरोबर उर्दू वापरण्यास २०२२ चा कायदा आड येत नाही. म्हणून ज्या गावात उर्दू वाचणारे ज्येष्ठ बरेच आहेत, तिथे पाणी सोडण्याच्या वेळा किंवा ग्रामसभेची सूचना मराठीच्या खाली उर्दूतही लावावी, असा विषय ग्रामसभेत मांडायला काहीच अडचण नाही. मालवणीतून दवंडी द्यायला तर कोणाचीच ना नसावी.

कार्यालयात जाण्याचा दिवस

जाण्यापूर्वी अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. हीच पोच. ‘तुमचा अर्ज ठेवून जा, बघतो’ असे कितीही गोड शब्दांत सांगितले तरी पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. ओळखीचा माणूस आहे म्हणून पोच मागायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. गाव लहान असते आणि संध्याकाळी त्याच माणसाची बाजारात गाठ पडते. पण पोच मागण्यात अविश्वास नाही, आणि पुढे त्या कर्मचाऱ्याची बदली झाली तर नव्या माणसाला तुमचा शब्द माहीत नसतो.

लिहिता येत नसेल तर अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा, पण त्याखाली अंगठा उठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्यावा. ठशाच्या शेजारी असे लिहून घ्यावे : ‘वरील मजकूर मला माझ्या बोलीत वाचून दाखवला, तो मला समजला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.’ वाचून दाखवणाऱ्याने तिथे आपले नाव लिहून सही करावी. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या छापील फॉर्मवर किंवा ‘नंतर भरून घेऊ’ म्हणून पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर अंगठा मुळीच देऊ नये, मग समोर सख्खा पुतण्या असला तरी.

बोटाच्या ठशाची अडचण वेगळी आहे. आयुष्यभर काजूगर सोललेल्या बायांची बोटे टरफलातल्या तेलाने सोलवटून निघतात आणि जाळी ओढलेल्या, माती उपसलेल्या हातांवरच्या रेषा पुसट होतात. यंत्राने ठसा घेतला नाही की ‘आजी, तुमचे काम होत नाही’ असे सांगून परत पाठवतात. आधारच्या पडताळणीला ठशाखेरीज डोळ्यांची बुबुळे, चेहरा आणि नोंदवलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी हे मार्ग आहेत. ते विचारावेत. ओटीपी मात्र कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहून, आपल्या कामापुरताच द्यावा. फोनवरून मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो सांगू नये, त्याने श्रावणबाळच्या पैशाचे नाव घेतले तरीही.

सोबत जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. कर्मचारी तुमच्याकडे बघून ‘यांचे वय काय?’ असे विचारेल तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका. आजोबांकडे वळून त्यांनाच बोलू द्या, वेळ लागला तरी चालेल. घरातल्या माणसाने दोनदा त्यांच्या वतीने उत्तर दिले की तिसऱ्यांदा ते बोलतच नाहीत, आणि मग कागदावर त्यांची इच्छा उतरते की आपली, हे सांगणे कठीण होते. ते स्वतः येऊच शकत नसतील तर कोणत्या कामासाठी आणि कोणाला अधिकार दिला, हे नेमके लिहिलेले प्राधिकारपत्र न्यावे. ‘सर्व कामांसाठी’ असे मोघम लिहू नये.

प्रवासाचेही धरून चालावे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि ६५ ते ७५ या वयात अर्धे तिकीट लागते. पावसाळ्यात मात्र दुपारची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी असते, म्हणून कार्यालयात पोहोचताच परतीच्या गाडीची वेळ सांगावी आणि त्याआधी काम उरकण्याची विनंती करावी. बहुतेक ठिकाणी ती ऐकली जाते.

काम अडले तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे या बाबतीतले सर्वांत धारदार हत्यार आहे आणि वापरले मात्र फार कमी जाते. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या सेवा, प्रत्येकीची मुदत, शुल्क, जबाबदार पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कोणाकडे करायचे, हे सर्व कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नाकारली गेली तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि उशिराला सबळ कारण असेल तर ९० दिवसांच्या आत केलेले अपीलही अपील अधिकारी अपवाद म्हणून दाखल करून घेऊ शकतात. पत्रातली भाषा न समजणे हे सबळ कारण आहे, असे मी प्रत्येक अर्जात लिहितो. नकार असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो. पुढे दुसरे अपील आहे, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फाईलचे काय झाले हेच कळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. २००५ च्या या कायद्याच्या कलम ६ मध्ये ज्येष्ठांच्या फार उपयोगाची एक तरतूद आहे : ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलेली मागणी लेखी स्वरूपात उतरवण्यासाठी जन माहिती अधिकाऱ्याने सर्व वाजवी मदत करायची आहे. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा मनातली सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात घालू नयेत.

वागणुकीची तक्रार असेल, म्हणजे अरे-तुरे केले, हिडीसफिडीस केले किंवा तासन्‌तास उभे ठेवले, तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत. ग्रामपंचायतीबाबत पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि नंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तर नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. तिथे दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आगाऊ द्यावा लागतो. कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईन आहे.

एकट्या माणसाने भांडण्यापेक्षा ग्रामसभेत विषय आणणे मला अधिक परिणामकारक वाटते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. नळपाण्यावर आणि पाखाडीवर तास जातो, मग म्हाताऱ्यांचे कोण ऐकणार, असे वाटेल. म्हणून आधीच लेखी विषय द्यावा आणि त्यात मोजक्या, करता येण्याजोग्या मागण्या ठेवाव्यात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस ज्येष्ठांच्या कामासाठी असावा. नोटिसा मोठ्या टाइपात छापाव्यात, आणि नकाराच्या प्रत्येक पत्राखाली साध्या मराठीत दोन ओळी लिहाव्यात की काय झाले आणि आता काय करता येईल. चढण चढता न येणाऱ्यांच्या वाडीवर महिन्यातून एकदा कर्मचाऱ्याने जावे. ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्यावी. सदस्यांना आणि कर्मचाऱ्यांना हे जाचक वाटू नये. समजलेल्या पत्रामुळे दहा हेलपाटे वाचतात आणि त्यातले पाच तरी त्यांच्याच खिडकीवरचे असतात.

चाकरमानी गणपतीला घरी येतात, तेव्हा आरतीनंतरचा एखादा तास काढून आई-वडिलांच्या पिशवीतले सगळे कागद बाहेर काढावेत, प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवावे आणि ज्यांची मुदत अजून उरली आहे ती वेगळी करावीत. जे पत्र तुम्हालाही समजणार नाही, त्याच्या उत्तरादाखल खालचा अर्ज हाताने लिहून द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

‘मा. महोदय, आपले दिनांक ____ चे, जा. क्र. ____ हे पत्र मला मिळाले. माझे वय ____ आहे. पत्रातील भाषा मला समजली नाही. माझा अर्ज मंजूर झाला की नामंजूर, नामंजूर झाला असल्यास कोणत्या कारणाने आणि कोणत्या नियमाप्रमाणे, कोणता कागद कमी आहे, आणि मला अपील करायचे असल्यास कोणाकडे व कोणत्या तारखेपर्यंत करता येईल, हे कृपया साध्या मराठीत लेखी कळवावे. हा अर्ज मला वाचून दाखवला आहे व तो मला समजला आहे. अर्जदाराची सही अथवा अंगठा : ____ वाचून दाखवणाऱ्याचे नाव व सही : ____’